चाकाचा कल

गेल्या मे महिन्यात मी मामूंना भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या ओसरीवर जुन्या कपाटाच्या दाराचा आरसा आडवा टाकलेला होता. त्यांचा नातू पालथा पडून आरशाच्या एका कोपऱ्याखाली वर्तमानपत्राच्या घड्या सरकवत होता. आरशावर पाणसळ ठेवलेली. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की तो थांबायचा, पाणसळ आडवी फिरवायचा आणि पुन्हा दुसऱ्या कोपऱ्याकडे वळायचा. शेजारी एक छोटी मोटार होती, हातभर लांबीची, चारही चाकं काढलेली.

मामू खुर्चीत बसून अंगणातल्या शेवग्याकडे पाहत होते. म्हणजे आम्हाला तसं वाटावं अशी त्यांची इच्छा होती. पंधरा मिनिटांनी त्यांना राहवलं नाही. "चाकां कायकू निकाल्या रे?" त्यांनी विचारलं.

"नापने के लिए, दादा."

मामूंनी चष्मा पुसला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

आमचे मामू म्हणजे अणदूरच्या रस्त्यावरचे जुने मिस्त्री. सोलापूर-हैदराबाद रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ९ होता, आता त्याचा क्रमांक ६५ आहे. नळदुर्ग ओलांडून अणदूरला आलेल्या कित्येक ट्रकवाल्यांना 'धागेवाले मिस्त्री' हेच नाव ठाऊक होतं. गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून खातो, स्टिअरिंग थरथरतं, अशी कुठलीही तक्रार असो, मामू खिळ्याला टांगलेला सुती दोरा काढायचे. पुढे सोलापुरात संगणकावर अलायमेंट करणारी दुकानं आली, रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झालं, गाड्या न थांबता जाऊ लागल्या. गुडघेही बोलू लागले. मामूंनी गॅरेज बंद केलं. दोरा मात्र घरात आणला आणि ओसरीवरच्या खुंटीला अडकवला.

नातू पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून ही रिमोटवरची जुनी 'टूरिंग कार' घेतली होती आणि तिच्यासोबत मोजमापाचा एक संच. त्या संचानं मला गेले काही महिने झोपू दिलेलं नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस, यंत्राशी माझा संबंध दुचाकीला किक मारण्यापुरता. पण मोजण्याच्या शब्दांनी मला ओढून नेलं आणि शब्दांमागोमाग इतिहास आला. तोच आज सांगायचा आहे.

आधी तो संच. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची ही मोटार. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, स्प्रिंग, तेल भरलेले शॉकअप. चाकाला जोडलेल्या बारीक दांड्यांच्या दोन टोकांना उलटसुलट आटे असतात. दांडी एका दिशेनं फिरवली की लांब होते, दुसऱ्या दिशेनं फिरवली की आखूड. ट्रकच्या टाय रॉडला हीच युक्ती असते. या दांड्यांनी चाकाचा कल बदलता येतो.

कल तीन तऱ्हेचे. गाडीच्या समोर उभं राहून पाहिलं तर चाकाचा माथा आत झुकलाय की बाहेर, तो कॅम्बर. वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलीत की फाकलीत, ते टो-इन किंवा टो-आउट. बाजूनं पाहिलं तर चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस मागे किती रेललाय, तो कास्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, तसाच. यांच्या जोडीला गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच हेही मोजायचं आणि गाडी उचलली तर चाक किती खाली लोंबतं हेही.

खऱ्या मोटारीचं चाक साधारण ६०० मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर एक अंश टो म्हणजे त्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकात सुमारे साडेदहा मिलिमीटरचा फरक. तो दोऱ्यानं सापडतो. या खेळण्याचं चाक साधारण ६३ मिलिमीटरचं. तिथं एक अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. अर्धा अंश म्हणजे अर्धा मिलिमीटर. रबर बोटानं दाबलं तरी एवढं हलतं. म्हणून चाकं काढून त्यांच्या जागी ताठ चौकटी बसवायच्या. चौकटीला बेअरिंग असतं, त्यामुळे ती आसावर मोकळी फिरून सपाट काचेवर नीट टेकते. तिच्यावर अंशांच्या रेघा कोरलेल्या असतात. पुढच्या दोन चौकटींवर आडवी पट्टी ठेवली की टो वाचता येतो. तळाखाली पायऱ्यापायऱ्यांची पट्टी सरकवली की ती जिथं अडेल तिथं उंची. साधारण पाच-साडेपाच मिलिमीटर उंची, कॅम्बर दीड ते दोन अंश आत, मागच्या चाकांना तीन अंशांच्या आसपास टो-इन, अशी मापं गालिच्यावर किंवा डांबरावर धावणाऱ्या गाडीला ठेवतात आणि मग ट्रॅक पाहून बदलतात. असे संच बनवणाऱ्यांत स्लोव्हाकियातल्या ट्रेन्चिन शहरातल्या हुडी कंपनीचं नाव या छंदातले लोक आदरानं घेतात.

रेडिओनं दुरून यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्लानं १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये तारेविना चालणारी छोटी नाव लोकांसमोर चालवून दाखवली होती. छंदाच्या मोटारींना खरी गती मिळाली ती जपानमध्ये. शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं १९७६ च्या शेवटी पोर्शे ९३४ ही एक-बारांश मापाची रेडिओ मोटार काढली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चारही चाकांना ओढ असलेल्या टूरिंग कार आल्या. खऱ्या गाडीत जे जे जुळवता येतं ते जवळपास सगळं यांतही जुळवता येऊ लागलं आणि तेव्हापासून गॅरेजातलं शास्त्र टेबलावर आलं.

पण चाक नीट बसलंय की नाही, हा प्रश्न मोटारीचा नाहीच. तो गाडीचा आहे, आणि मराठीत 'गाडी' म्हणजे आधी बैलगाडी.

आपल्या या रस्त्यावर, पुण्याहून सोलापूरकडे येताना, टेंभुर्णी लागतं. आज तिथं उसाच्या ट्रॉल्या आणि ढाब्यांची गर्दी असते. १८३० च्या दशकात या भागात इंग्रजांची जमीन मोजणी चालू होती. तोपर्यंत इकडे फारसे गाडीरस्ते नव्हते. माल बैलांच्या पाठीवरून जायचा आणि शेतात ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांची चाकं अखंड लाकडाची किंवा चक्क दगडाची असत. मोजणी खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्यानं टेंभुर्णीला सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला. इंग्रजी राजवटीतल्या गॅझेटियरात त्याची दखल आहे. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जमीन मोजणाऱ्या माणसाच्या हातून गाडी सुधारली. ज्याला सरळ रेघ कशी आखायची हे कळतं, त्यालाच वाकडं चाक खुपतं.

त्या कारखान्यात करवत आणि हातोडा गेसफर्ड साहेबांच्या हातात नक्कीच नसणार. लाकूड ओळखणारे, आरे तासणारे, तुंब्याला भोक पाडणारे, लोखंडी धाव लाल करून चाकावर चढवणारे आणि पाणी ओतून ती आवळणारे हात इथल्याच सुतार-लोहारांचे. धाव एवढीशी सैल राहिली तर चाक खिळखिळं, जास्त आवळली तर आरे तडकतात. हे माप कुठल्या पट्टीवर कोरलेलं नव्हतं. गॅझेटियरात साहेबाचं नाव आहे, त्या हातांचं नाही.

आता शब्दांकडे येतो, कारण तो माझा प्रांत. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' यावरून आला. सूत्र धरणारा, म्हणजे दोरा धरणारा. त्याच्या पेटीतला 'गुण्या' फारसी 'गुनिया'वरून आला आणि 'रंधा' फारसी 'रंदा'वरून. भिंत सरळ आहे का ते पाहण्याचं वजन मराठीत 'ओळंबा', उर्दूत 'साहुल'. 'मिस्त्री' पोर्तुगीजांनी दिलेला. 'कसब' अरबीतून आलेलं आणि मराठीत इतकं मुरलेलं की कुणाला परकं वाटत नाही. एका सुताराच्या पेटीत किती देश शांतपणे शेजारी शेजारी पडलेले असतात, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगतो. मुलांना ते आवडतं.

यात आणखी एक शब्द आहे, 'सूत'. सूत म्हणजे दोरा आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठ सूत म्हणजे एक इंच. आपल्याकडचे गवंडी, सुतार, मोटार मिस्त्री आजही सुतात बोलतात. मामूंचं ठरलेलं वाक्य असायचं, "एक सूत अंदर ले." म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर टो-इन. दोऱ्यानं मोजायचं आणि माप सांगायचं तेही दोऱ्याच्याच नावानं.

सोळा किलोमीटरची गप्पा मारणाऱ्यांना नळदुर्गचा किल्ला फक्त धबधब्यासाठी माहीत असतो. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर तिथं बंधारा आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात पाणी माथ्यावरून कोसळतं आणि आतला माणूस कोरडा राहतो. सहलीला मुलांना नेलं की मी त्यांना माथ्याकडे बघायला सांगतो. माथ्याची पातळी चुकली असती तर पाण्यानं आपली वाट हवी तिथं काढली असती. चारशे वर्षं पाणी रोज त्या गवंड्यांची परीक्षा घेतंय.

मोटारीच्या इतिहासातही नावाची अशीच गंमत आहे. गाडी वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर एक चाक घासत जाणार. म्हणून आतलं जास्त वळलं पाहिजे. या रचनेला जगभर 'ॲकरमन' म्हणतात. नातवाच्या छोट्या मोटारीतही ॲकरमन जुळवायला वायसर सारावे लागतात. रुडॉल्फ ॲकरमन हा लंडनमधला चित्रं आणि पुस्तकं विकणारा जर्मन. त्यानं १८१८ साली पेटंट घेतलं, पण ते एजंट म्हणून. रचना होती म्युनिकच्या गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर या घोडागाडी बनवणाऱ्या कारागिराची. त्याच्याही आधी, १७५० च्या दशकाच्या शेवटी, इरॅस्मस डार्विन या इंग्रज डॉक्टरनं अशीच कल्पना लढवली होती. रोग्यांकडे जाताना घोडागाडी उलटू नये म्हणून. हे इरॅस्मस म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. राहिलं कुणाचं नाव? कागद ज्याच्या नावानं होता त्याचं.

आपल्याकडे मोटार घडवण्याचं स्वप्न पाहणाऱ्यांत सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद होते. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे ती फियाट निघाली, जिला १९७४ पासून आपण पद्मिनी म्हणतो. मामूंचे हात आधी जीपवर आणि नंतर पद्मिनीवर बसले. जीपला पुढे-मागे पाटे, पद्मिनीला पुढे स्प्रिंग. "पाटे की गाडी झूट नहीं बोलती," असं ते म्हणत. पाटे बसले की गाडी उघड तिरकी दिसते. स्प्रिंगची गाडी दिसते सरळ आणि आतून बसलेली असते.

हे वाक्य मला महाग पडलं. काही वर्षांपूर्वी मी जुनी चारचाकी घेतली. टायर आतून झिजत होता. मी मामूंना न विचारता शहरात जाऊन संगणकावर अलायमेंट करून घेतलं, आकडे हिरवे असलेला कागद घेतला आणि तो अभिमानानं गाडीत ठेवला. चार महिन्यांत दुसरा टायर आतून गेला. शेवटी मामूंकडे आलो. त्यांनी दोरा काढलाच नाही. आधी मगभर पाणी फरशीवर ओतलं आणि ते कुठं पळतं ते पाहिलं. गाडी सपाट जागी लावून घेतली, टायरची हवा तपासली आणि मग चाकाच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंत वीत लावली. डाव्या बाजूपेक्षा उजवीकडे दोन बोटं कमी. उजवी स्प्रिंग बसली होती. उंचीच चुकलेली असताना कोन जुळवले गेले होते. आकडे खोटे नव्हते. चुकीच्या वेळी घेतलेले खरे आकडे होते.

ओसरीवर नातू नेमका त्याच क्रमानं जात होता. आधी काच सपाट. मग शॉकअप सैल आहेत का. मग चाकं किती लोंबतात, दोन चाकांतलं अंतर, तळाची उंची. मग कॅम्बर, मग कास्टर, मग टो. आणि सगळ्यात शेवटी डावं-उजवं वजन सारखं पडतंय का, त्यासाठी तराजूसारखी डुलणारी एक पट्टी. एक माप बदललं की पुढची बदलतात म्हणून क्रम मोडायचा नाही, असं तो मला समजावत होता. तळाची उंची कमी केली की कॅम्बर सरकतो, कॅम्बर हलवला की टो सरकतो.

"तेरेकू ये किसने सिखाया?" मामूंनी विचारलं.

"किताब में है, दादा."

"किताब में?" मामू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पूरा?"

त्या 'पूरा'मध्ये काय होतं ते मला सांगता येईल का, माहीत नाही. पन्नास वर्षं जे काम त्यांनी 'पोटासाठी केलेली मजुरी' म्हणून केलं, ते कुठल्यातरी पुस्तकात धड्यासारखं क्रमवार लिहिलेलं आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांच्या लेखी इल्म म्हणजे मौलवी साहेबांकडे असतो तो, नाहीतर माझ्यासारख्या मास्तराकडे. त्यांच्याकडे हुनर होता. हुनर पोट भरतो, मान इल्मला.

आणि हा फरक त्यांच्या मनात पक्का करणाऱ्यांत मीही आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगारांचं प्रमाण तुलनेनं जास्त असलेल्या धंद्यांत वाहनदुरुस्ती नोंदवली आहे. आम्हाला ते अहवालाशिवाय माहीत होतं. घरोघरी एक गॅरेजवाला असतोच. मी बी.एड. करून नोकरीला लागलो, तेव्हा वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांना एक वाक्य नेहमी ऐकवायचो, "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात पाने धुवावे लागतील." चांगल्या हेतूनंच. त्यातला एक मुलगा खरंच गॅरेजात गेला. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे. मी समोरून गेलो की तो उठून उभा राहतो, सलाम करतो आणि हात पाठीमागे लपवतो. ग्रीस लागलेले असतात म्हणून. ते हात मी लपवायला लावले, ही गोष्ट मला त्या ओसरीवर बसल्या बसल्या पहिल्यांदा उमगली.

शिक्षण हवंच. नातू पुण्याला गेला नसता तर त्याला कोन मोजता आले असते, कोन का ठेवायचा ते मांडता आलं नसतं. एक अंशाचा मिलिमीटर कसा होतो, ते त्यानं मला वहीत त्रिकोण काढून दाखवलं. माझं म्हणणं एवढंच की पुस्तक आणि दोरा यांच्यामध्ये मी जी भिंत बांधत होतो, ती ओळंब्यात नव्हती.

त्या संध्याकाळी नातवानं आणखी एक गोष्ट सांगितली. त्याला सस्पेन्शनच्याच कामात जायचं आहे. दोन वर्षं घरी सांगितलं नव्हतं, कारण "मेरा पोता पाना नहीं पकडेगा" हे मामूंचं वाक्य त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. मामूंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी खुंटीवरचा दोरा काढला, छोट्या मोटारीला चाकं लावायला सांगितली आणि तिच्या बाजूनं दोरा ताणला. डोळा बारीक केला. "पिछला दायां जास्ती अंदर है." नातवानं चौकट बसवून पाहिलं. डावं तीन अंश, उजवं साडेतीन. अर्धा अंश, म्हणजे अर्धा मिलिमीटर. योगायोगही असेल. वयाच्या सत्तरीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ते दिसलं, एवढं मी पाहिलं.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मामूंना विचारलं, तुमचं नाव घालू का? ॲकरमनची आणि टेंभुर्णीची गोष्टही सांगितली, की बघा, कागदावर नाव नसलं की माणूस पुसला जातो. ते हसले. "नाम लिखके क्या करता रे? धागा कैसा बांधना, वो लिख."

म्हणून लिहितो. जमीन सपाट पाहा, पाणी ओतून खात्री करा. हवा सारखी भरा. गाडी दोनदा पुढे-मागे ढकला म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतील. दोन्ही बाजूंची उंची वितीनं पाहा, फरक असेल तर तिथंच थांबा आणि आधी तो काढा. स्टिअरिंग सरळ करून बांधा. गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकाच्या मधाच्या उंचीवर, दोन दोरे ताणा. दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं हवं, आणि गाडी त्यांच्या मधोमध. मग दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा आणि मागच्या कडेपर्यंत मोजा. पुढचं अंतर जास्त भरलं तर चाक आत वळलेलं आहे. टाय रॉड फिरवा, गाडी ढकला, पुन्हा मोजा. दोरा चाकाला चिकटू देऊ नका. चिकटलेला दोरा चाकाचंच म्हणणं सांगतो.